लूव्हेनमधला एक शुक्रवार आणि काचेच्या नळीतली केळी

सुकीकाठची | शुक्रवार, रात्री ११:२०

पप्पांनी आज दुपारी फोनवर विचारलं, "दिवसभर तिथं करून काय राहिली तू?" मी सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात शेतात थ्री फेज लाइट आली. ते मोटार चालू करायला पळाले. केळीची कांदेबाग नुकती लावलेली, पाणी आधी द्यायलाच हवं. पण उत्तर राहून गेलं. म्हणून आजचा अख्खा दिवस इथं लिहून काढते. माझा चुलतभाऊ त्यांना वाचून दाखवेल, आणि तुमच्यापैकी ज्यांची मुलं बाहेर शिकायला निघाली आहेत त्यांनाही थोडा उपयोग होईल.

मी रावेर तालुक्यातली. सुकी नदीच्या थडीवर आमची केळीची बाग. शिकते बेल्जियममधल्या लूव्हेनला. ब्रुसेल्सहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत हे गाव येतं. विद्यापीठ १४२५ सालचं. गाव तसं लहान, पण विद्यार्थी इतके की रस्त्यावर म्हातारं माणूस दिसलं की बरं वाटतं.

अलार्म साडेसहाचा. नोव्हेंबर संपत आलाय, त्यामुळे सूर्य सव्वाआठच्या नंतर उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. मी उठते तेव्हा खिडकीबाहेर काळोख असतो आणि घरी अकरा वाजून गेलेले असतात. आईचा स्वयंपाक आटोपलेला, कटाईचे मजूर पहिली गाडी भरून बसलेले. हे साडेचार तासांचं अंतर मला अजून अंगवळणी पडलेलं नाही. सकाळी उठल्या उठल्या आपण उशीर केलाय असं वाटतं.

चहा, दोन पोळ्या (रविवारी करून फ्रिजमध्ये ठेवलेल्या), आणि सायकल. इथं सायकलीशिवाय गत नाही. 'व्हेलो' म्हणून विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी भाड्याने सायकल देणारी संस्था आहे, तिथून घेतली. पुढचा-मागचा दिवा अंधारात लावावाच लागतो, नसला तर पोलीस दंड करतात. रस्ते जुन्या दगडी फरशांचे, पाऊस पडला की निसरडे, आणि पाऊस रोजच. आपल्यासारखा कोसळणारा पाऊस नव्हे. बारीक, आवाज न करणारा. भिजलो हे अर्ध्या तासानं कळतं.

आमचा भाग गावाच्या दक्षिणेला, हेव्हरलेमध्ये. तिथं आरेनबर्गचा जुना वाडा आहे, भोवती झाडी, मधून डेल नदी वाहते. नदी म्हणायची, पण तापी पाहिलेल्या माणसाला ती पाटचारीच वाटेल. त्या परिसरात शेतीशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. आणि तिथंच ती गोष्ट आहे जिच्यामुळे मी हे गाव निवडलं.

जगातला केळीच्या वाणांचा सर्वांत मोठा संग्रह इथं आहे. १९८५ पासून. दीड हजारांहून जास्त वाण. आपल्या रावेर-यावलच्या शिवारात मैलोन् मैल केळी आहे, पण बहुतेक सगळी एकाच वाणाची, ग्रँड नैन. आणि जिथं केळीचं एक झुडूप उघड्यावर हिवाळा काढणार नाही अशा या गावात, एका इमारतीतल्या मांडण्यांवर, जगभरची केळी काचेच्या नळ्यांमध्ये उभी आहे. बोटाएवढी रोपं. हिरवीगार. पहिल्यांदा ते दार उघडलं तेव्हा मला आमच्या आबांची आठवण आली. आबा बागेत शिरताना चप्पल बाहेर काढून ठेवायचे.

पप्पा, तुम्ही विचारलं होतं की बी साठवून का ठेवत नाहीत, गव्हासारखं. आपल्या खाण्याच्या केळीला बीच नसतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, ११-११ चे तीन, एकूण ३३. त्यामुळे बी धरत नाही. म्हणून आपण कंद लावतो, पिलं (बुंध्याशी फुटलेले कोंब) ठेवतो, आता टिश्यू कल्चरची रोपं आणतो. म्हणजे वाण जपायचा तर रोप जिवंतच ठेवावं लागतं. दीड हजार वाण जिवंत ठेवायचे, कायमचे, तेही गाव बर्फात असताना.

ते कसं करतात? खोलीत सुमारे १६ अंश तापमान आणि मंद उजेड ठेवतात. एवढ्या गारव्यात केळीचं रोप मरत नाही, पण वाढतही नाही फारसं. थांबून राहतं. मग वर्षातून साधारण एकदाच ते काढून, कापून, नव्या नळीत लावलं की पुरतं. मी हे ऐकलं तेव्हा मला डिसेंबरच्या रात्री आठवल्या. पप्पा बागेच्या कडेनं धूर करून ठेवायचे, मध्यरात्री उठून पाणी सोडायचे. थंडीनं पानं पिवळी पडतात, निसवण (घड बाहेर पडणं) अडकते, घड पोसत नाही. ज्या थंडीशी तुम्ही रात्र रात्र भांडता ती थंडी इथं मुद्दाम, मोजून, वीज जाळून तयार करतात. तीच थंडी इथं रोपाला टिकवते.

याच्याही पुढचा प्रकार म्हणजे द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. वाढीच्या टोकाचा मिलिमीटरभराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कापायचा, औषधाच्या द्रावणातून काढायचा आणि गोठवायचा. तिथं तो किती वर्षं पडून राहील त्याला मर्यादा नाही म्हणतात. हजाराहून जास्त वाण असे गोठवून झाले आहेत आणि त्यांची दुसरी प्रत फ्रान्समध्ये माँपेलियेला ठेवलेली आहे. आज सकाळी साडेआठ ते बारा मी हा तुकडा कापण्याचाच सराव केला. बाकीच्यांचे हात यंत्रासारखे चालतात. माझे चाळीसपैकी अकरा चांगले आले. गेल्या आठवड्यात चार आले होते.

माझा स्वतःचा प्रबंध मात्र वेगळा आहे. कमी पाण्यावर कोणते वाण तग धरतात, हे पाहायचं. काचघरात कुंड्या आहेत, रोज वजन करायचं, पान किती पाणी सोडतं ते मोजायचं. विषय निवडताना समितीनं विचारलं, हाच का? मी सांगितलं की आमच्या विहिरीवरून बोअर आले आणि बोअरची खोली दरवर्षी वाढते आहे. एवढंच सांगितलं. पुरलं.

दुपारी जेवताना सोबत युगांडाची मैत्रीण असते. तिच्या देशात केळी म्हणजे फळ नाही, जेवण. हिरवी केळी सोलून, केळीच्याच पानात गुंडाळून वाफवतात आणि कुस्करून खातात, मटोके म्हणतात. ती म्हणाली, आमच्याकडे पाहुण्यानं मटोके खाल्लं नाही तर तो जेवलाच नाही. मी म्हटलं, आमच्याकडे वरणबट्टीचं तसंच आहे. मग आम्ही दोघींनी आपापल्या आज्यांबद्दल अर्धा तास बोलून काढला आणि दोघींचाही तास बुडता बुडता वाचला.

शुक्रवारची संध्याकाळ इथं ऐकण्यासारखी असते. बेल्जियमची मुलं दर शुक्रवारी घरी जातात. चाकांच्या बॅगा घेऊन सगळी स्टेशनकडे निघतात आणि त्या दगडी रस्त्यांवर बॅगांची खडखड चालू होते, दोन-तीन तास. बॅगेत आठवड्याचे मळके कपडे असतात, आई धुऊन देते. रविवारी संध्याकाळी तीच खडखड उलट दिशेनं, आता बॅगेत धुतलेले कपडे आणि डब्यात आईच्या हातचं. मला हा आवाज फार आवडतो आणि फार त्रासही देतो. मी जळगावला हॉस्टेलला असताना अशीच शनिवारी पॅसेंजर धरायची.

गाव रिकामं झालं की मी ग्रंथालयात जाते. ही इमारत १९२८ सालची. त्याआधीचं ग्रंथालय ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्यानं जाळलं, सुमारे तीन लाख पुस्तकं गेली. मग अमेरिकेतून देणग्या आल्या, नवीन बांधलं. मे १९४० मध्ये तेही जळालं. पुन्हा उभं केलं. माँपेलियेला दुसरी प्रत का ठेवायची, हे या गावात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

परत येताना दुकानातून दूध, कांदे आणि एक फणी केळी घेतली. स्टिकर इक्वाडोरचं. किलोला दीड-दोन युरो पडतात. सगळी एका मापाची, डाग नाही, वास नाही. रात्री वांग्याचं भरीत केलं, ओव्हनमध्ये भाजून. तूरकाट्यांवर भाजल्याची चव येत नाही, पण घरून आणलेली हिरवी मिरची-लसणाची चटणी होती. भाकरी कळण्याच्या पिठाची.

पप्पा, दिवसभर मी हे करून राहिले.

भुसावळ_जंक्शन | शनिवार, सकाळी ६:०५

ड्यूटीवरून आलो आणि उभ्यानं वाचलं. सावद्याहून केळीच्या वॅगन दिल्लीला जाताना आयुष्य गेलं माझं. त्या केळीला बी का नसतं, हे मात्र आज कळलं. धन्यवाद ताई.

वहिनी_अमळनेर | शनिवार, सकाळी ९:३०

फार मनापासून लिहिलं आहेस. माझी लेक पुढच्या सप्टेंबरात तिकडेच, त्याच देशात, निघाली आहे. मला तीन गोष्टी सांगशील का? सोबत काय काय द्यावं, खोली कशी शोधावी आणि ती एकटी पडणार नाही ना. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं दे. मला बरं वाटावं म्हणून देऊ नकोस.

सुकीकाठची | शनिवार, दुपारी १:१५

काकू, आधी सोपं.

कोरडं सगळं चालतं. कळण्याचं पीठ, डाळी, बिबड्या, मसाला, शेंगदाण्याची चटणी, उडदाचे पापड. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात सामानातून आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खव्याचं काही देऊ नका. विमानतळावर काढून टाकतात आणि वाईट वाटतं. ताजी फळं-भाज्या वनस्पती आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. त्यालाही अपवाद पाच फळांचा आहे: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. हो, केळी! येताना आईनं डब्यात चार केळी दिली होती, ती मी विमानतळावर हातात धरून निघाले आणि कोणी अडवलं नाही. पण फळच. पिलं किंवा कंद आणायचे नाहीत, कोणी कितीही सांगितलं तरी. मातीतून रोग येतो.

कोरडं खोबरं, लाल तिखट इथं मिळतं. तुर्की आणि मोरोक्कन दुकानांत वांगी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या चांगल्या असतात. त्यामुळे बॅग मिरच्यांनी भरू नका, जाड मोजे आणि चांगला पावसाळी कोट द्या.

खोली. इथं विद्यार्थ्याच्या खोलीला 'कॉट' म्हणतात. माझं भाडं महिन्याला ४७५ युरो, स्वयंपाकघर सहा जणांत एक. पहिल्या वर्षी मी दुसरीकडे होते आणि तिथं माझं अनामत रकमेतलं बरंच काही बुडालं. भिंतीवरचा जुना ओलावा माझ्या माथी मारला गेला आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. म्हणून सांगते: राहायला जाताना खोलीच्या स्थितीचा लेखी पंचनामा होतो, तो दोघांनी मिळून करायचा असतो. तिला सांगा, घाई करायची नाही. प्रत्येक डाग, प्रत्येक ओरखडा त्यात लिहून घ्यायचा, फोटो काढायचे, तारखेसकट स्वतःला ईमेल करून ठेवायचे. खोली न पाहता कोणालाही पैसे पाठवायचे नाहीत. विद्यापीठाची स्वतःची निवास सेवा आहे, आधी तिथं विचारायचं.

कमाईचं म्हणाल तर बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याला शिकण्याच्या काळात आठवड्याला २० तास काम करता येतं. पण त्यावर फीचं गणित बांधू नका. अभ्यास खरोखर जड आहे.

आता तिसरा प्रश्न. काकू, ती एकटी पडेल. शनिवार-रविवार जास्त. मला पहिल्या नोव्हेंबरात असं झालं की तीन दिवस मराठीत एक शब्द बोलले नाही आणि चौथ्या दिवशी सायकलवर मोठ्यानं पाढे म्हणत निघाले. त्यातून वाट अशी निघाली की मी दर शनिवारी स्वयंपाक जरा जास्त करायला लागले आणि मागे राहिलेल्यांना बोलवायला लागले. मागे कोण राहतं? ज्यांचं घर बॅग ओढत जाण्याइतकं जवळ नाही ते. इथिओपिया, व्हिएतनाम, युगांडा, नेपाळ. आमचं शनिवारचं जेवण आता दीड वर्ष चालू आहे. तिला माझा पत्ता द्या. ती पहिल्या शनिवारपासून आमच्याकडे जेवेल.

वहिनी_अमळनेर | शनिवार, दुपारी २:४०

वाचून डोळे भरले. पण खरं सांगितलंस. मोजे आणि कोट घेते. तुला बिबड्या पाठवते तिच्यासोबत, नाही म्हणायचं नाही.

गिरणाथडी | शनिवार, संध्याकाळी ७:१०

खोलीचं लिहिलंत ते चांगलं केलंत. त्याच्या आधीच्या टप्प्याचं मी लिहितो. आमच्या मुलाच्या वेळी एका सल्लागारानं "प्रवेश पक्का करून देतो" म्हणून दीड लाख घेतले. अर्ज भरला तो ज्या अभ्यासक्रमाची मुदत संपली होती त्याचा. वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी मुलानं स्वतः विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बसून अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. पालकांना हात जोडून सांगतो, पोरगा इंजिनिअर झाला आहे, अर्ज तो भरू शकतो. जमीन गहाण टाकण्याआधी अभ्यासक्रमाचं पान स्वतः उघडून मुदत बघा.

केळीवाला_निंभोरा | शनिवार, रात्री ९:००

पोरी, तुझं कौतुक आहे. कष्ट करते आहेस. पण बत्तीस वर्षं केळी करतो आहे, म्हणून एक विचारतो. वाण दीड हजार असतील, भाव एकालाच आहे. व्यापारी बागेत येतो तेव्हा ग्रँड नैनचा घड बघतो. फणी सरळ, माल एकसारखा, पेटीत बसतो, आखातात जातो. आधी आमच्याकडे बसराई होती, श्रीमंती होती. टिश्यू आलं आणि सगळं गेलं, कारण उत्पन्न जास्त, माल लवकर. मी दुसरा वाण लावला तर तो घेणार कोण? बोर्डावर त्याचा भाव कोण लिहिणार? तू तिथं नळीत ठेवलेल्या केळीनं माझा कर्जाचा हप्ता फिटत नाही. रागानं नाही म्हणत, समजून घ्यायचं आहे.

सुकीकाठची | शनिवार, रात्री ११:०५

काका, तुमचं म्हणणं पप्पांचंच आहे, शब्द न् शब्द. तुम्ही उद्या बाग मोडून दुसरं लावा असं मी म्हणत नाही. म्हणणारही नाही, कारण आमची स्वतःची बागही ग्रँड नैनचीच आहे आणि माझी फी तिच्यातूनच आली आहे.

पण हे आधी एकदा घडलंय. १९५० च्या दशकापर्यंत जगाच्या व्यापारात ग्रो मिशेल नावाचा वाण होता. तोही एकसारखा, पेटीत बसणारा, चवीला आजच्यापेक्षा चांगला म्हणतात. मध्य अमेरिकेत मैलच्या मैल तोच. पनामा मर रोग मातीतून आला आणि बागा गेल्या. व्यापार संपला नाही, कारण दुसऱ्या घराण्यातला एक वाण त्या रोगाला दाद देत नव्हता, कॅव्हेंडिश. तो कोणीतरी बागेत, संग्रहात जपून ठेवलेला होता म्हणून मिळाला. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सगळी त्याच कॅव्हेंडिश घराण्यातली.

आता त्याच मर रोगाचा नवा प्रकार आला आहे, टीआर-४. तो कॅव्हेंडिशला धरतो. २०१९ मध्ये कोलंबियात सापडला, २०२१ मध्ये पेरूत. आपल्या देशात बिहारमध्ये आहे. एकदा जमिनीत शिरला की कित्येक वर्षं जात नाही, आणि त्यावर फवारायचं औषध नाही. काका, टिश्यूचं प्रत्येक रोप म्हणजे त्याच एका झाडाची नक्कल. एकाला जो रोग धरतो तो सगळ्यांना धरतो. पप्पांच्या बागेत, तुमच्या बागेत आणि माझ्या दुकानातल्या इक्वाडोरच्या फणीत फरक फक्त मातीचा आहे.

नळीतली केळी हप्ता फेडत नाही, खरं आहे. पण उद्या कोणाला रोग न लागणारा वाण तयार करायचा झाला तर त्याचा बाप त्या नळ्यांमध्येच शोधावा लागेल. माझं काम तेवढंच आहे. रोप मरू द्यायचं नाही.

कृषी_पदवीधर_चोपडा | रविवार, सकाळी ८:२०

ताईंच्या म्हणण्याला थोडी जोड देतो. हे वाण आपल्याला मिळत नाहीत असं नाही. संग्रहातून शंभराहून जास्त देशांना नमुने गेले आहेत, तेही विषाणू तपासणी करून. आपल्याकडे येताना मात्र ते दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संपदा ब्युरोमार्फत, विलगीकरणातूनच यावे लागतात. केळीवर काम करणारं आपलं राष्ट्रीय संशोधन केंद्र तिरुचिरापल्लीला आहे. रस्ता आहे, पण लांबचा आहे, आणि लांब असावा हेच बरं.

तपासणी का लागते ते आपल्या भागाला सांगायला नको. सीएमव्ही (काकडीवरून केळीवर येणारा मोझॅक विषाणू) आला त्या वर्षी शेतकऱ्यांनी दोन-दोन महिन्यांची रोपं उपटून बांधावर टाकली, ट्रॅक्टर फिरवला. मावा एका झाडावरून दुसऱ्यावर विषाणू नेतो. त्यावर उपाय म्हणजे रोगट रोप दिसताच उपटून गाडणं आणि बागेच्या कडेला काकडी-भोपळ्याची वेलवर्गीय पिकं न घेणं. हे मी दर पावसाळ्यात सांगतो, आज निमित्त मिळालं म्हणून पुन्हा सांगितलं.

केळीवाले काका, २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा उपयोग आपण अजून पुरता करून घेतलेला नाही. २०२३ मध्ये बारामतीहून समुद्रमार्गे नेदरलँडला केळीची चाचणी खेप गेली. उद्या जळगावची जाऊ शकते.

आमना_धुळा | रविवार, सकाळी १०:००

भलतं चांगलं लिखेल शे, ताई. जेवन व्हयनं का? एवढंच इचारनं व्हतं. तिकडे कोनी इचारत नसीन म्हनीसन इचारं.

सुकीकाठची | रविवार, दुपारी १२:१०

भाऊ, व्हयनं. खरंच कोणी विचारत नाही इथं. तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

पदवीधर दादा, सीएमव्हीचं लिहिलंत ते पप्पांना वाचून दाखवायला सांगते. आमच्या बांधालगत शेजारच्यांची काकडी असते.

केळीवाला_निंभोरा | रविवार, रात्री ८:३०

काल रात्री झोप नीट लागली नाही. ग्रो मिशेलचं डोक्यात फिरत राहिलं. सकाळी विहिरीवर गेलो. तिथं मागच्या बाजूला, उकिरड्याच्या कडेला, माझ्या वडिलांनी लावलेली तीन-चार खोडं आहेत. ते त्याला मुठेळी म्हणायचे. कोणी पाणी देत नाही, खत देत नाही, तरी दरवर्षी घड येतो. लहान येतो, पण येतो. आई होती तोवर त्याची भाजी करायची. आता कोणी काढत नाही, पाखरं खातात. पुढच्या महिन्यात जेसीबी येणार आहे, विहिरीजवळ शेड टाकायचं आहे. तर विचारतो, तुमच्या नळ्यांमध्ये हा असेल का?

सुकीकाठची | रविवार, रात्री ८:५२

काका, ती खोडं तोडू नका. कृपा करून.

असेल किंवा नसेल, मला नुसत्या नावावरून सांगता येणार नाही. एकाच नावाची चार केळी असतात आणि एकाच केळीला चार गावांत चार नावं असतात. पण ओळखायच्या खुणा आहेत, १९५५ पासून जगभर त्याच १५ खुणा वापरतात. त्यातल्या तीन तुम्ही उद्या बघू शकता. एक, खोडावर काळे-तपकिरी डाग भरपूर आहेत की खोड जवळजवळ साफ आहे. दोन, पानाच्या देठाची पन्हळ वरून उघडी आहे की तिच्या कडा आत मिटलेल्या आहेत. देठ आडवा कापला तर लगेच दिसतं. तीन, कमळ (केळफूल) असेल तर त्याची पाकळी उघडल्यावर मागे गुंडाळली जाते की नुसती वर उचलली जाते. डाग कमी, पन्हळ मिटलेली आणि पाकळी न गुंडाळणारी असेल तर खाण्याची केळी ज्या दोन रानकेळींच्या वंशातून आली, त्यातला दुसरा वंश (मुसा बाल्बिसियाना) त्यात जास्त आहे. आणि काका, कमी पाण्यावर तग धरणारे वाण बहुतेक त्याच वंशाचे असतात. कोणी पाणी देत नाही तरी घड येतो, असं तुम्हीच लिहिलंत. माझ्या काचघरात मी दीड वर्ष हेच शोधते आहे.

फोटो काढताना शेजारी एखादी वस्तू ठेवा, म्हणजे माप कळेल. आणि जागा लागणारच असेल तर दोन चांगली पिलं कंदासकट काढून दुसऱ्या बांधावर लावा, आधी.

केळीवाला_निंभोरा | रविवार, रात्री ९:१५

कमळ आहे एकाला, आज सकाळीच पाहिलं. शेड दहा फूट अलीकडे घेता येईल, पोराशी बोललो आत्ताच. उद्या पहाटे चार ते बारा लाइट आहे, पाणी द्यायला जाणारच आहे. उजाडलं की फोटो काढतो. शेजारी विळा ठेवला तर चालेल का?

सुकीकाठची | रविवार, रात्री ९:१७

चालेल काका. विळ्याची लांबी तेवढी मोजून कळवा.